रांगेतल्या चपला

गिरिजा भाऊराव पराते यांच्यावर अन्याय झाला. त्यांच्या नावापुढे शिक्का मारायला शाळेच्या व्हरांड्यात रांग लावून उभ्या असलेल्या कांचघर वस्तीतल्या बायकांवरही झाला. कधी झाला, तेही लिहिते: लढाई थांबल्यानंतर आलेल्या पहिल्या थंडीत, संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात, नगर निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, मतदानाच्या दिवशी, फॅक्टरीची दुपारची पाळी आत गेल्यावर, व्हरांड्यातलं ऊन पायऱ्या उतरून मैदानात गेलं होतं तेव्हा.

आधी कोणावर, मग कधी, मग काय, आणि शेवटी मागणी. मला लिहायला पत्रकांनी शिकवलं आणि पत्रकाची रीत अशीच असते. पण आज मागणीपर्यंत सरळ पोचता येत नाही. काल संध्याकाळी बाबांनी सिगडीवर खळ शिजवायला ठेवली. मैदा, पाणी, आणि उंदरांनी कागद कुरतडू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. पुन्हा लढाईची भाषा सुरू झाली आहे, पुन्हा खिडक्यांना काळा कागद लावायचा हुकूम आला आहे, आणि निगमच्या निवडणुकाही पुन्हा जाहीर झाल्या आहेत. खळीचा तो आंबूस, कोमट वास घरभर पसरला आणि मी हातातलं काम टाकून दारात जाऊन उभी राहिले.

बाबा पळीने ढवळत होते. वर न बघता म्हणाले, "तिच्या वेळेस गुठळ्या होत होत्या माझ्या हातानं. आता नाही होत."

ती म्हणजे गिरिजा मावशी. आमच्या क्वार्टरची मागची भिंत आणि तिच्या क्वार्टरची मागची भिंत एकच होती. तिच्याकडे खलबत्ता वाजला की आमच्या फळीवरचे पेले किणकिणायचे.

*

त्या थंडीतल्या गोष्टी मला ओळीने आठवत नाहीत. काळे कागद आठवतात. लढाई थांबून बरेच दिवस झाले होते, पण क्वार्टरांच्या लाइनीतल्या एकाही घराने खिडकीवरचा कागद काढला नव्हता. सवय झाली होती, किंवा पुन्हा लागेल असं वाटत होतं. दिवसाही घरात संध्याकाळ असायची. मावशीने नगरसेवकपदासाठी, आमच्याकडे पार्षद म्हणतात, उमेदवारीचा अर्ज भरला त्या दिवशी ती आमच्याकडे आली, पदर खोचला, खिडकीशी गेली आणि नखाने कागदाची कड सोडवायला लागली.

"अगं गिरिजा, काहून फाडून राहिली?" आईने विचारलं.

"फाडून नाही राहिली. पोस्टर काढून राहिली."

आमची सगळी पोस्टरं अशी झाली. ब्लॅकआउटचा काळा कागद आणि त्यावर चुन्याची पांढरी अक्षरं. अक्षरं माझी. 'फाटकाच्या अलीकडे दवाखाना' हे एवढंच, वर मराठीत आणि खाली हिंदीत, कोपऱ्यात शिडीचं चित्र. मावशीला शिडी हे चिन्ह मिळालं होतं. समोरचे उमेदवार लाकडाच्या टालाचे, म्हणजे वखारीचे, मालक. त्यांची पोस्टरं छापखान्यातून आलेली, गुळगुळीत, तिरंगी. त्यांच्याशेजारी आमचा काळा कागद म्हणजे कोणाच्या घरी काही झाल्यासारखा दिसायचा. टालवाल्यांचा एक कार्यकर्ता चहाच्या ठेल्यावरून ओरडला, "किसकी तेरहवीं है, मौसी?"

मावशी भिंतीवर खळ फासत होती. मागे न वळता म्हणाली, "तुम्हारी ही है भैया. जेवायला या."

ठेल्यावरचे सगळे हसले, तो कार्यकर्तासुद्धा. चुना कोरडा पडला की झडायचा. त्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाच्या बाहीवर आमचं एखादं अक्षर उमटलेलं असायचं.

*

आता ही मागणी कुठून आली ते सांगते. भाऊराव काका, मावशीचा नवरा, फिलिंग सेक्शनला होते. तिथे तोफगोळ्यांत दारू भरतात. आत जाताना बिनखिशाचे कपडे, बिनखिळ्यांचे बूट. काडेपेटी, अंगठी, किल्ली, सगळं बाहेर. त्या पावडरीने माणूस पिवळा पडतो. काकांचे तळहात हळद लागलेल्या नवरदेवासारखे पिवळे असायचे, उशीचा अभ्राही पिवळा. मावशी म्हणायची, "यांची हळद काही उतरत नाही, बाप्पा." लढाईच्या दिवसांत पाळीला पाळी जोडून काम चाललं. जेवायला येणारी माणसं ताटावर पेंगायची. हूटर लांब वाजला की पाळी बदलली. तीन तुटक वाजले की आत काहीतरी झालं.

लढाई ऐन भरात असताना एका दुपारी तीन तुटक वाजले.

फाटकाच्या पलीकडे शहर आहे, शहरात दवाखाना आहे. अलीकडे फॅक्टरी आहे, आम्ही आहोत. मधून रेल्वे जाते. काकांना ट्रकमध्ये घातलं. मावशी गेटवर पोचलीच होती, ती वर चढली, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. ट्रक फाटकाशी आला आणि फाटक पडलं. लष्कराची गाडी होती, ताडपत्रीखाली तोफा. हळूहळू गेली. तिच्या मागे दुसरी होती. लढाईत ती गाडी कोण अडवणार? ड्रायव्हर खाली उतरून फाटकवाल्याच्या पाया पडला. फाटकवाला रडत होता, पण दांडा वर करणं त्याच्या हातात नव्हतं. काकांनी पाणी मागितलं. मावशीने पदर कोणाच्या तरी सुरईत बुडवून त्यांच्या ओठांवर पिळला. फाटक उघडलं तेव्हा ट्रकला घाई उरली नव्हती.

मावशीने गाडीला कधी बोल लावला नाही. मी लावायची. मी पत्रकात गाडीवर, फॅक्टरीवर, निगमवर, सगळ्यांवर लिहून आणलं होतं. तिने ते वाचून घेतलं आणि म्हणाली, "गाडी तं जाणारच ना व. लढाई होती. मले एवढंच पुसायचं हाय, दवाखाना अलीकडे काहून नाही? एक खोली, एक डॉक्टर, रात्रंदिवस. बाकीचं खोड."

मी खोडलं. खोडताना जिवावर आलं.

*

फॅक्टरीत माणूस गेला तर त्याच्या जागी घरच्याला काम देतात. मावशीलाही देणार होते. कॅन्टीनमध्ये. काम घेतलं की क्वार्टरही राहतं. पण फॅक्टरीच्या माणसाला निवडणुकीला उभं राहता येत नाही. म्हणजे एक तर काम आणि छप्पर, नाही तर शिडी.

बाबा तिला समजवायला गेले. मी बरोबर होते. तेव्हा हिरव्या मटाराचे दिवस होते, तिच्या ओट्यावर शेंगांचा ढीग होता. ती सोलत होती, बाबाही उकिडवे बसून सोलायला लागले.

"वहिनी, काम घेऊन टाका. पार्षद होऊन काय मिळते? आणि नाही झाल्या तर?"

"नाही झाली तं भाऊ हाय माझा तुमसरला."

"तिथं काय कराल? बिड्या वळाल?"

"मग का होते? हात हायेत." तिने एक शेंग उघडली, आत अळी होती, ती बाजूला टाकली. "भाऊजी, काम घेतलं तं फाटकाचं कोण बोलन? तुम्ही? तुम्हाले बोलायची मनाई हाय. ह्या लाइनीत सगळ्याइले मनाई हाय. मी एकलीच अशी हाव का जिले कोणी मनाई करू शकत नाही."

बाबांनी राहिलेल्या शेंगा सोलल्या आणि उठले. घरी येताना म्हणाले, "प्रचाराला मनाई आहे. खळ शिजवायला नसावी." त्या दिवसापासून आमच्या सिगडीवर दार लावून खळ शिजायला लागली.

*

मावशीला भाषण येत नव्हतं. टालवाल्यांची सभा मैदानात व्हायची, गाद्या, लोड, माइक, गजरे. आम्हाला मैदान मिळालं नाही आणि मिळालं असतं तरी कोण आलं असतं? मग तिनेच एक युक्ती काढली. पाळी सुटायच्या वेळेला फाटकाशी जाऊन उभं राहायचं. फाटक पडलं की शेकडो सायकली जागच्या जागी थांबायच्या, एक पाय पेडलवर आणि एक जमिनीवर. त्यांना पळून जाता येत नव्हतं. मावशी फाटकवाल्याच्या खोलीच्या पायरीवर चढायची आणि बोलायला लागायची. फाटक पडलं की सभा सुरू, उघडलं की संपली. वाक्य अर्धं राहिलं तर राहिलं.

फाटकवाला तोच होता, त्या दिवशीचा. तो हळूच सांगायचा, "मौसी, आज मालगाड़ी है, लंबा बोल लो." किंवा, "जल्दी करो, पैसेंजर है."

तिची अर्धी राहिलेली वाक्यं मला अजून आठवतात. 'मी तुमच्याकडे काही मागायला नाही आली, मी फक्त हे सांगायला…' आणि घंटा, आणि दांडा वर, आणि सायकलींचा लोट. दुसऱ्या दिवशी सायकलीवरचे लोकच विचारायचे, "मौसी, कल क्या बता रही थीं? आगे?" ती पुढून सुरू करायची. टालवाल्यांच्या कोणीतरी एकदा मागून हाक टाकली, "मौसी, सीढ़ी लगा के फाटक पार करवाओगी क्या?"

"करवीन ना. तू खालून धर," मावशी म्हणाली.

मटाराच्या सालांचा वास, थंडीत सायकलींच्या दिव्यांसमोर दिसणारा श्वास, रुळांतून आधी येणारी थरथर, आणि त्या पायरीवर काळी शाल घेतलेली एक बाई. मला वाटतं त्या दिवसांत आम्ही आनंदात होतो. तसं लिहायला संकोच वाटतो, कारण तिचा नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं. पण एका फाटक-सभेनंतर ती परतताना एकदम हसायला लागली आणि म्हणाली, "भाऊराव असते तं म्हणाले असते, गिरिजे, तुले बोलायला रेल्वेनं लायसन दिलं."

*

आमच्या लाइनीत नळ एकच. पाणी यायच्या आधीपासून रांग लागते. पण बाईला तेवढा वेळ उभं राहणं जमत नाही. दूध उतू जातं, पोर रडतं, सासू हाक मारते. म्हणून आमच्याकडे रीत आहे. जायचं झालं तर रांगेत आपली वस्तू ठेवून जायचं. घागर, पिशवी, काही नसेल तर चप्पल. ती वस्तू म्हणजे ती बाई. तिला ओलांडून कोणी पुढे जात नाही. भांडखोर बायकासुद्धा जात नाहीत. रेशनच्या दुकानात हीच रीत, रॉकेलला हीच. मी लहानपणापासून चपलांच्या मागे उभी राहिले आहे आणि चप्पल पुढे सरकवून मग स्वतः पुढे सरकले आहे. रांग असली की ही रीत असतेच, असं आम्ही धरून चाललो होतो. चूक काय ती तेवढीच.

मतदान फाटकाच्या पलीकडच्या शाळेत होतं. पुरुषांनी सकाळी, पाळीला जायच्या आधी शिक्के मारले होते. बायका जेवणं आटोपून, भांडी घासून दुपारी आल्या. रंगीत लुगडी, डोक्यात शेवंती, कोणी दळणाची पिशवीही घेऊन आलेली, परतताना चक्कीवर टाकू म्हणून. मावशी सगळ्यांच्या शेवटी उभी होती. मी म्हटलं, "तू उमेदवार आहेस, पुढे जा." ती म्हणाली, "आपलं पाणी शेवटी भरावं." तिच्या अंगावर काकांनी घेतलेलं हिरवं लुगडं होतं.

आमच्या वॉर्डात बंगल्यांची एक ओळही येते. टालवाले तिथलेच. वकील, ठेकेदार, दोन प्रोफेसरांची कुटुंबं. तिथल्या बायकाही रांगेत होत्या, आमच्यातच मिसळून. बोलणंचालणं चांगलं चाललं होतं. एक प्रोफेसरीणबाई माझ्या पुढे होत्या, मराठीच. त्या मला म्हणाल्या, "तुझं पत्रक वाचलं हं. भाषा जरा तिखट आहे, पण छान." मी खूश झाले होते.

आणि तीन तुटक वाजले.

हूटरची चाचणी कधीमधी व्हायची. पण चाचणी असली तर सकाळपासून पाण्याच्या टाकीवर पांढरं निशाण लावायचे, म्हणजे घरच्या बायकांनी घाबरू नये. पाणी भरताना, वाळवण घालताना आमची नजर आपोआप टाकीकडे जायची. त्या दिवशी टाकीवर निशाण नव्हतं. मी पाहिलं होतं. आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं.

कोणी ओरडलं नाही. हे लोकांना सांगून पटत नाही. इतक्या बायका, आणि एकही आवाज नाही. फक्त वाकल्या, पायातल्या चपला काढून जागेवर ठेवल्या आणि धावल्या. अनवाणी नीट धावता येतं, हे एक. आणि जागा राहते, हे दुसरं. मीही तशीच वाकले. माझे बाबा आत होते. दळणाची पिशवी रांगेत राहिली, शेवंतीची फुलं मैदानभर पडली.

मी मागे वळून पाहिलं तर मावशीही धावत होती. तिचं आत आता कोणी नव्हतं. ती थांबली असती तर कोणी काही म्हणालं नसतं. तिने शिक्का मारला असता, रांगेला राखण राहिली असती, कदाचित सगळंच वेगळं झालं असतं. मी धावता धावता म्हटलं, "तू काहून येते?"

"ट्रकात डोकं धरायले कोणी पाहिजे ना," ती म्हणाली.

*

जाताना फाटक उघडं होतं. फॅक्टरीच्या गेटवर बायकांची भिंत झाली. आतून कोणी काही सांगेना. पहारेकरी नवा होता, तो "पीछे हटो, पीछे हटो" एवढंच म्हणत राहिला. कोणाचं नाव घेतोय का म्हणून आम्ही त्याच्या ओठांकडे बघत होतो. धूर दिसत नव्हता. धूर नसला तरी काही खरं नसतं, हे आम्हाला माहीत होतं. काकांच्या वेळीही धूर दिसला नव्हता. ऊन टाकीच्या मागे गेलं. माझ्या शेजारी एक बाई तोंडात पदराचा बोळा घालून उभी होती. मावशी एकेकीजवळ जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवत होती आणि ट्रकच्या जागेकडे नजर ठेवून होती.

मग एक बाबू बाहेर आला. पान खात होता. म्हणाला, "क्या मेला लगा रखा है? टेस्ट थी, टेस्ट. जाओ घर."

"झंडी कहाँ थी?" मी विचारलं.

"लगाई होगी. गिर गई होगी."

मुद्दाम वाजवला असं मी आजही म्हणत नाही. माझ्याकडे पुरावा नाही. निशाण लावायला कोणी विसरला असेल, वाऱ्याने पडलं असेल. मला एवढंच माहीत आहे की ते नव्हतं. आणि त्या क्षणी कोणाला त्याचं काही वाटलंही नाही. बायका हसायला लागल्या, रडायला लागल्या, एकमेकींना मिठ्या मारायला लागल्या. सगळे जिवंत होते. मग कोणाला तरी आठवलं, आणि आम्ही पुन्हा धावलो, शाळेकडे.

फाटक पडलेलं होतं. मालगाडी उभी होती, चालत नव्हती, नुसती उभी. डब्यांच्या फटींतून पलीकडची शाळा दिसत होती. व्हरांडा, फडकतं कापड, शिपाई. इतकी जवळ की हाक मारली तर ऐकू जावी. फाटकवाला हात चोळत होता. "सिग्नल नहीं मिल रहा, मौसी. मैं क्या करूँ?"

उभ्या गाडीखालून जाणं आमच्याकडे नवीन नाही. पाळीला उशीर झाला की माणसं जातात. मी वाकले. माझ्या मागे आणखी दोघीतिघी वाकल्या. माझं डोकं डब्याखाली गेलं होतं, वंगणाचा वास नाकात भरला होता, आणि माझी वेणी मागून कोणीतरी ओढली. इतकी जोरात की डोळ्यांत पाणी आलं.

मावशी होती. "उठ."

"मावशी, वेळ संपून राहिला."

"उठ म्हणते ना. कोणी जाणार नाही खालून. कोणीच नाही." ती हात पसरून आमच्या आणि रुळांच्या मध्ये उभी राहिली, पाठ गाडीला लावून. "मत गेलं तं जाऊ दे. तू काहून जाते?"

मी तिच्याशी भांडले. सगळ्यांसमोर. मी म्हटलं की हे तुझं एकटीचं नाही, आम्ही राबलो आहोत, दवाखाना पाहिजे की नको तुला? ती ऐकत राहिली. तिचे हात पसरलेलेच होते. तिला माहीत होतं, तिच्या मागे फटीतून शाळा होती आणि तिच्यापुढे आम्ही. ती एवढंच म्हणाली, "ह्या फाटकावर आणखी कोणी नाही. मी उभी हाव तोवर नाही."

थोड्या वेळाने गाडी सुटली. आम्ही खाली वाकलो होतो तिथून चाकं गेली.

*

शाळेचं दार लावलेलं होतं. मतदान अधिकारी आमच्याच शहरातले एक मास्तर, पेट्यांना लाख लावत होते. माणूस वाईट नव्हता. थकलेला होता. म्हणाले, "समय हो गया. जो लाइन में थे, उनका हो गया."

मावशी म्हणाली, "साहब, हम लाइन में ही थे. चप्पल देखो."

"चप्पल वोट नहीं डालती, बाई."

तेव्हा आम्ही व्हरांड्याकडे पाहिलं. चपला रांगेत नव्हत्या. शिपायाने झाडूने लोटून त्यांचा भिंतीशी ढीग केला होता. दळणाची पिशवी त्याच ढिगावर आडवी पडून गहू सांडले होते. आणि जिथे आम्ही उभ्या होतो तिथून रांग पुढे सरकून, शिक्के मारून, घरी गेली होती. बंगल्यांच्या ओळीतली रांग. त्यांचं आत कोणी नव्हतं, त्या धावल्या नाहीत. त्यात त्यांचा काही दोष नाही. पण त्या चपलांना ओलांडून पुढे गेल्या. एकीनेही म्हटलं नाही की थांबा, या बायका परत येतायत.

आम्ही त्या ढिगातून चपला शोधत बसलो. जोड्या लागत नव्हत्या. संधिप्रकाशात एकमेकींच्या पायाला लावून बघत होतो. मावशीला तिची एकच सापडली. ती हातात घेऊन ती घरी आली.

ती हरली. थोडक्याने हरली, त्या रांगेएवढ्याने हरली. टालवाल्यांची मिरवणूक आमच्या लाइनीतून गेली तेव्हा एक गोष्ट झाली. ठेल्यावरचा तो कार्यकर्ता मावशीच्या दाराशी ढोल थांबवून पुढे गेला. कॅन्टीनचं काम दुसऱ्या कोणाला दिलेलं होतं. क्वार्टर सोडायला सांगितलं. होळीच्या आधी आम्ही तिला छोट्या लाइनच्या, नॅरोगेजच्या, गाडीत बसवून दिलं, एक पेटी, एक खलबत्ता, एक गुंडाळलेली गादी. तिच्या क्वार्टरमध्ये दुसरे लोक आले. आमचे पेले फळीवर शांत राहायला लागले.

*

या दसऱ्याला मी तुमसरला जाऊन आले. निवडणूक जाहीर झाल्याचं सांगायला, पुन्हा उभी राहा म्हणायला. ती भावाच्या ओसरीत सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत होती. बोटांची टोकं तंबाखूने पिवळी झाली होती. माझी नजर तिथे गेलेली तिला कळली.

"यांची हळद मले लागली पाहा, उशिरानं," ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. फाटक तसंच आहे. दवाखाना अजून पलीकडेच. पावसाळ्यात एका गरोदर बाईवर फाटकाशी रिक्षातच बाळंत व्हायची वेळ आली होती, देवाने वाचवलं. फाटकवाला विचारतो तुझं. तू उभी राहा, बाबा खळ शिजवायला तयार आहेत.

तिने एक बिडी बांधली, दुसरी घेतली. "मी नाही येत गं. तू राहा उभी. तुले तं भाषण येते."

"राग आला का तुला त्या लोकांचा? त्या बायकांचा?"

"राग काहून? त्याइच्या आंगणात नळ हाय, पोरी. त्याइले कधी रांगेत चप्पल ठेवा लागली? कोणी सांगितलंच नाही त्याइले का ती चप्पल म्हणजे बाई असते."

मला ते पटलं नव्हतं. परतीच्या गाडीत सगळा वेळ मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत आले. काल खळीच्या वासाने दारात उभी असताना मात्र वाटलं, असेलही तसं. कोणी सांगितलं नसेल. मग मी सांगते.

मी यंदा उभी आहे. चिन्ह अजून मिळालेलं नाही, मागणी तीच आहे. पण मत मागायला हे लिहीत नाही. तुम्ही शहरातल्या नेपियर टाउनचे असा, चेरीतालचे असा, कोणाला मत द्यायचं ते तुमचं तुम्ही बघा. मागणी एवढीच आहे. लढाई पुन्हा येते आहे. मतदानाच्या दिवशी तुम्ही रांगेत असाल आणि हूटर वाजेल आणि तुमच्या पुढची बाई वाकून चपला काढून ठेवील आणि धावेल. तिला अडवू नका. तिच्या मागे जायला हवं असंही नाही. तुमचं आत कोणी नसेल, तर तुम्ही थांबा. पण त्या चपलांच्या मागे थांबा. शिपाई झाडू घेऊन आला तर त्याला सांगा की इथे बाई उभी आहे. रांग पुढे सरकली तर आधी चप्पल सरकवा आणि मग तुम्ही सरका. तिची पाळी दाराशी आली आणि ती आलेली नसेल, तर दारात उभे राहा. ती येईपर्यंत दार लावू देऊ नका.